इंद्रियांचे पाट



इंद्रिये ही साधकाची वैरी की सोयरी, हा प्रश्न परमार्थाच्या वाटेवर फार जुना आहे. कीर्तनाला शेवटच्या रांगेत बसलेला माणूसही ऐकून असतो की डोळा बाहेर धावतो, जीभ चटावते, कान निंदेला लोभावतो, म्हणून इंद्रिये आवरावीत. हे खरेच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. ज्या डोळ्याला आवरायचे त्याच डोळ्याने विटेवरचे रूप पाहायचे असते, आणि ज्या कानाला कोंडायचे त्याच कानाने नाम ऐकायचे असते. कान बंद केला तर निंदा गेली हे कबूल, पण तिच्याबरोबर हरिकथाही गेली, त्याचे काय? तेव्हा इंद्रियांतून जे आत येते त्यावरून आपले ध्यान, आपली आठवण आणि आपला भाव कसा घडतो, आणि यात आपल्या हाती नेमके किती आहे, याचा विचार या लेखात करू. विषय तत्त्वाचा आहे. पण तत्त्व कोरडे सांगितले की डोक्यावरून जाते. म्हणून आम्ही तो एका पाण्याच्या काठाकाठाने सांगतो.

ते पाणी मावळातल्या भुशीचे. लोणावळ्याला लागूनच भुशी आहे. तिथे इंद्रायणीवर इंग्रजी अमदानीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने धरण बांधले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, ते या धरणाने पुरवले. इंजिने गेली, धरण राहिले. या भागात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. धरण भरले की पाणी पायऱ्यांवरून खाली वाहू लागते, आणि त्या पायऱ्यांवर बसायला मुंबई-पुण्याची माणसे हजारोंनी लोटतात.

आता कोणी म्हणेल, वारकऱ्याचे भुशीशी काय नाते? नाते पाण्याचे आहे. इंद्रायणी याच डोंगरांत उगम पावते. पुढे ती कामशेत, इंदुरी करीत देहूला जाते, देहूहून आळंदीला, आणि तुळापूरला भीमेत मिळते. तीच भीमा पंढरीस चंद्रभागा होते. पण या डोंगरांवरचे सगळेच पाणी तिकडे जात नाही. इंद्रायणीवरच वळवणला टाटांचे धरण आहे. त्याचे पाणी १९१५ सालापासून सह्याद्रीच्या कड्याखाली खोपोलीस उतरवून त्याची वीज करतात. म्हणजे बघा, एकाच सरीचे दोन थेंब. एक पश्चिमेला कोकणात उतरतो, दुसरा देहू-आळंदीची वाट धरतो. यातले थेंबाच्या हाती काहीच नाही. पाट ज्याने काढला त्याने ते ठरवले.

मनाचे पुष्कळसे असेच आहे. रूप, शब्द, गंध, रस, स्पर्श यांची सर दिवसभर आपल्यावर कोसळत असते. काय कोसळावे हे आपल्या हाती थोडेच आहे! रस्त्याने चालताना कोणते शब्द कानी पडतील, कोणता वास येईल, हे आपण ठरवीत नाही. पण त्यातले कोणते पाणी कोणत्या पाटाने आत घ्यावे, हे पुष्कळ अंशी आपले आहे. त्या पाटाला आम्ही येथे ध्यान म्हणतो. डोळे मिटून आसन घालतात ते ध्यान येथे अभिप्रेत नाही. ‘अरे, तुझं ध्यान कुठं आहे?’ असे आई पोराला विचारते, ते ध्यान.

या ध्यानाची अडचण आपल्या प्राचीनांनी अचूक ओळखली होती. न्यायशास्त्र सांगते की मन अणुमात्र आहे, म्हणून ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. सगळे एकदम कळते असे वाटते तो भास. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई आरपार घातली तर सगळ्या एकदमच भेदल्या असे वाटते. प्रत्यक्षात सुई एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशीच गेलेली असते. जळते कोलीत गरगर फिरवले की आगीचे कडे दिसते, पण कडे कुठेच नसते. मनाची धाव अशी वेगवान, म्हणून आपल्याला वाटते की आपण सगळे पाहतो, सगळे ऐकतो.

याचा पडताळा अलीकडच्या काळातही आला आहे. १९९९ साली अमेरिकेतील डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना एक चित्रफीत दाखवली. तीत काही मंडळी चेंडू फेकीत होती, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा फेकला ते पाहणाऱ्यांनी मोजायचे होते. खेळ चालू असताना गोरिलाचा पोशाख घातलेली एक व्यक्ती मधोमध आली, छाती बडवून निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही! डोळे उघडे, उजेड भरपूर, समोर गोरिला, आणि तरी नाही. डोळा आंधळा नव्हता, ध्यान मोजणीत गुंतले होते. ध्यान नसेल तेथे उघडा डोळाही खिडकीच्या काचेसारखा आहे. काचेतून सगळे जाते, काचेला काही कळत नाही.

आता पुन्हा पाण्याकडे येऊ. वाहत्या पाण्याकडे टक लावून पुष्कळ वेळ पाहावे आणि मग नजर काठाच्या खडकावर न्यावी. खडक हळूहळू वर सरकतो आहे असे वाटते. १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स नावाच्या गृहस्थाने स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी हे पाहून नोंदवले. त्याच्या दोन हजार वर्षे आधी ग्रीक तत्त्ववेत्त्या ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले होते की वाहत्या नदीकडे पाहून नजर वळवली तर स्थिर वस्तू चालू लागतात. कारण असे सांगतात की एकाच दिशेची गती पाहून पाहून ती गती टिपणाऱ्या पेशी मंदावतात, आणि उलट दिशेच्या पेशींचा जोर होतो. खडक तर जागचा हललेला नसतो! पण डोळ्याची साक्ष विचाराल तर तो शपथेवर सांगेल की हलला.

यातून एक मोठी गोष्ट कळते. इंद्रिये आपल्याला मुख्यतः बदल सांगतात. जे सतत आहे ते सांगायचे ती हळूहळू सोडून देतात. अंगावरचा सदरा सकाळी घालताना जाणवतो, मग दिवसभर जाणवत नाही. धबधब्याचा घोष पहिल्या घटकेला कान भरून टाकतो, आणि काही वेळाने आपण त्याच्याजवळ बसून सहज गप्पा मारू लागतो. ही सवय देहाची सोय आहे. ती नसती तर जगणे कठीण होते. पण हीच सोय घातही करते. पाणी घोट्याला असते, मग बोटभर वर येते, मग आणखी बोटभर. डोंगरमाथ्यावर पाऊस वाढलेला असतो, तो खाली दिसत नाही. घोष वाढतो, पण कान घोषाला सरावलेला असतो. शेजारी दहा माणसे निवांत उभी असतात, म्हणून आपलेही मन निवांत होते.

३० जून २०२४ या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. त्यांत लहान लेकरेही होती. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, याच इंद्रायणीवर तळेगावजवळ कुंडमळ्याला गर्दीच्या भाराने जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघे दगावले. गेलेल्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तसे करणे पाप आहे. त्या ठिकाणी त्या क्षणी आपण असतो तर आपलेही इंद्रिय आपल्याला असेच फसवते. आम्ही लिहितो ते एवढ्यासाठी की ध्यान ही केवळ आपल्या मनःशांतीची बाब नाही. आपल्या ध्यानावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. लेकराचे बोट धरलेल्या माणसाचे ध्यान हे त्या लेकराचे संरक्षण आहे. वारीत दिंडी रस्त्याने चालते तेव्हा कडेने चालणारा जो माणूस मागून येणाऱ्या मोटारीकडे लक्ष ठेवतो, त्याच्या तोंडी त्या क्षणी अभंग नसेल. तरी तो दिंडीची सेवाच करीत असतो.

हे झाले ध्यानाचे. आता आठवणीकडे वळू. ज्याच्याकडे ध्यान गेले नाही ते आठवणीत जाऊन बसत नाही, हे उघड आहे. पण सगळी इंद्रिये आठवणीच्या घरात एकाच दाराने जात नाहीत. रूप, शब्द, स्पर्श यांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका चौकीवर थांबतात आणि तेथून पुढे जातात. गंधाचे तसे नाही. नाकाचा निरोप या चौकीवर न थांबता गंधाच्या केंद्रात पोचतो, आणि भाव व स्मृती यांची केंद्रे तेथून अगदी शेजारी आहेत. म्हणून वासाने आठवण येते ती पायरी पायरीने येत नाही, एकदम अंगावर येते. बुक्क्याची डबी उघडा. आजोबांच्या कपाळावरचा तो काळा ठिपका, त्यांच्या उपरण्याचा स्पर्श, पहाटेच्या काकड्याची थंडी, सगळे एका श्वासात उभे राहते. कोणी बोलावले नव्हते, तरी आले. ज्यांनी कपाळी बुक्का आणि गळ्यात तुळस दिली त्यांना मेंदूची ही रचना ठाऊक नव्हती. पण माणूस त्यांना ठाऊक होता.

आणखी एक प्रयोग आजच्या यात्रेकरूंनी ध्यानात ठेवावा असा आहे. २०१४ साली लिंडा हेंकेल या अमेरिकन संशोधिकेने प्रसिद्ध केले की संग्रहालयातील ज्या वस्तूंचे लोकांनी छायाचित्र घेतले त्या वस्तू, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, त्यांना कमी आठवल्या. यंत्राने पाहिले म्हणून मनाने सुट्टी घेतली. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर बारकाईने नजर रोखून ज्यांनी तो भाग जवळून टिपला, त्यांची आठवण तेवढी उणावली नाही. म्हणजे दोष यंत्राचा नाही, ध्यान यंत्रावर सोपवून देण्याचा आहे. आज पालखी समोर आली की शंभर हात वर होतात आणि शंभर मोबाइल तिच्याकडे पाहतात. बाबांनो, पादुका आल्या, गेल्या, पाहिल्या कोणी? एखादे चित्र जरूर घ्या, घरच्या म्हातारीला दाखवायला घ्या. पण आधी डोळ्यांना पाहू द्या.

आता तिसरी गोष्ट भावाची. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक उतरंड सांगितली आहे. विषयाचे चिंतन करता करता त्याची ओढ लागते, ओढीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृती ढळते, आणि स्मृती ढळली की बुद्धीचा नाश. यातला क्रम नीट पाहावा. आरंभ इंद्रियापाशी झाला असे नाही. विषय दिसला म्हणून कोणी बुडाला नाही. मन त्याच्यापाशी घोटाळत राहिले म्हणून बुडाला. आणि क्रोधाच्या पुढे स्मृतीचा नाश सांगितला आहे, तोही किती खरा! भांडणात माणसाला वीस वर्षांचे उपकार आठवत नाहीत, कालचा एक शब्द तेवढा आठवतो.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला कागद, असे आपण समजतो. तसे नाही. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले की माणूस ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना ती नव्याने रचतो. आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो, न बसणारे गाळतो. म्हणून दोघे एकाच दिंडीत चालतात आणि दोन वेगळ्या वाऱ्या करून घरी येतात. एकाला दिवे घाट आठवतो, वळणावळणावर पसरलेली ती पताकांची रांग आठवते. दुसऱ्याला आठवते की सासवडच्या मुक्कामी आपल्याला चहा मिळाला नाही आणि अमक्याला दोनदा मिळाला. घरी गेल्यावर तो हेच चार जणांना सांगतो, आणि जितक्या वेळा सांगतो तितका तो न मिळालेला चहा कडू होत जातो. पाऊस दोघांवर सारखाच पडला होता. पाट ज्याचा त्याने काढला.

येथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. इंद्रिये सरावतात, सरावली की बोथट होतात, असे वर सांगितले. मग नामाचेही तेच होईल ना? रोज तोच हरिपाठ, तेच टाळ, तीच आरती. जीभ चालते आणि मन बाजारात. होते, असेच होते. आपल्यातल्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे. यावर आमचे उत्तर असे की परंपरेने हा धोका आधीच जाणला असावा. भजन एकाच चालीत अखंड ठेवलेले नाही. संथ सुरुवात होते, मग लय चढते, पावलीत पाय कामाला लागतात, मृदंगाचा बोल पालटतो, मध्येच निरूपणाला सगळे थांबते आणि शांतता कानाला धुऊन काढते. वारीत चालता चालता रिंगण येते, अश्व धावतो, आणि दहा दिवसांच्या चालीने जड झालेले डोळे एकदम जागे होतात. इंद्रियांना मारून टाकण्याची ही रीत नव्हे. त्यांना काम देण्याची, आणि दिलेले काम शिळे होऊ न देण्याची ही रीत आहे.

दुसरी शंका याहून खोल आहे. ज्याचे इंद्रियच गेले, त्याने काय करावे? त्याचा पाट बंद झाला काय? याला उत्तर विदर्भातले गुलाबराव महाराज. १८८१ साली जन्मले, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. तेवढ्या आयुष्यात दुसऱ्याकडून वाचून घेऊन, ऐकून, स्मरणात साठवून त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली, आणि ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवून घेतले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. डोळ्यांचा पाट बंद झाला, तर कानांचा पाट त्यांनी नदीएवढा रुंद केला. तेव्हा किती इंद्रिये आहेत यापेक्षा आहे त्या इंद्रियापाशी मन हजर आहे की नाही, हे पाहावे.

आणि आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. गेली काही वर्षे आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर पांढरा फेस तरंगताना दिसतो. पर्वणीच्या दिवसांतही तो दिसला आहे. वरच्या शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी पुरती प्रक्रिया न होता नदीत येते, त्याचा हा फेस. डोंगरातून निघताना जे पाणी निर्मळ असते तेच आळंदीला या अवस्थेत पोचते. आणि आपण काय करतो? घाटावर उतरतो, फेस हाताने बाजूला सारतो, डोळे मिटतो, बुडी मारतो. कोणी विचारले तर सांगतो, आमचा भाव शुद्ध आहे, आम्हाला फेस दिसत नाही.

सज्जनहो, हा भाव आहे की सवय आहे? पहिल्या वर्षी फेस पाहून काळजात चर्र झाले होते. दुसऱ्या वर्षी थोडे कमी. आता काहीच होत नाही. धबधब्याच्या घोषासारखे झाले हे. चालूच आहे, म्हणून ऐकू येत नाही. आणि लहानपणी पाहिलेल्या स्वच्छ नदीची आठवण इतकी गोड आहे की ती आजच्या नदीवर पांघरूण घालते. डोळा सांगतो, नाक सांगते, अंगाला सुटलेली खाज सांगते. आपण तिघांनाही गप्प बसवतो आणि त्याला भक्ती म्हणतो. आई आजारी असताना तिच्या तरुणपणाचे चित्र डोळ्यांपुढे धरून ‘माझी आई ठणठणीत आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला आपण काय म्हणू? त्याचे प्रेम खोटे नसेल. पण आईला त्या प्रेमाचा काही उपयोग नाही.

ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याकडे नीट पाहणे, हे प्रेमाचे पहिले ऋण आहे. म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. घाटावर उतराल तेव्हा बुडी मारण्याआधी एकदा पाण्याकडे पाहा. वास घ्या. जे दिसले ते दिसले म्हणा. मग जे आपल्या हातचे आहे ते करा: पत्रावळी, निर्माल्य, जुने कपडे, साबण नदीत जाऊ देऊ नका, आणि शेजारी कोणी टाकीत असेल तर हात जोडून थांबवा. आणि जे सरकारचे, नगरपालिकांचे, कारखान्यांचे काम आहे ते त्यांना करायला लावण्यासाठी दिंडी-दिंडीतून बोला, अर्ज द्या, पुन्हा द्या. भुशीच्या पायऱ्यांवर पोराबाळांना घेऊन जाल तेव्हाही हेच: पाण्याचे कौतुक करा, पण पाणी काय सांगते आहे तेही ऐका.

इंद्रिये देवाने दिली ती केवळ आवरण्यासाठी दिली असती, तर न देणेच सोपे होते. ती दिली याचा अर्थ काही तरी पाहायचे आहे, ऐकायचे आहे. जे मन नदीचा फेस पाहू शकत नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी पाहू शकत नाही, त्या मनाला गाभाऱ्यातले रूप तरी पुरते दिसत असेल काय, याचा विचार ज्याचा त्याने आपल्याशी करावा.

रामकृष्ण हरी.